ताराबाई मोडकांच्या धर्तीवर ध्वनिडब्या कशा कराव्यात?

प्रश्न: गावातल्या बालवाडीला माँटेसरी पद्धतीचं (मुलं वस्तू हाताळून शिकतात ती पद्धत) तयार साहित्य परवडत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाईंसारखं स्थानिक वस्तूंतून करायचंय. ध्वनिडब्यांपासून, म्हणजे हलवून आवाजावरून जोड्या लावायच्या डब्यांपासून, सुरुवात करावी म्हणते. कशा करायच्या?

उत्तर १: एकसारख्या, अपारदर्शक, झाकणाच्या १२ डब्या घ्या. सहा जोड्या होतील. वाळू, रवा, मोहरी, मूग, हरभरे, खडे असं भरा. एका जोडीतल्या दोन्ही डब्यांत मोजून सारखंच. डबी एक-तृतीयांशच भरा, गच्च भरली तर वाजतच नाही. झाकण चिकटवून टाका, नाहीतर दाणे नाका-कानात जातात. तळाला जोडीची खूण करा, म्हणजे मूल स्वतःच चूक तपासतं. ही खूण विसरू नका, सगळं मर्म तिच्यातच आहे.

उत्तर २: धान्य आधी कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ते दमट होतं, कीड लागते आणि आवाज बदलतो. मग जोड्या जुळत नाहीत. पहिल्या दिवशी सहाही जोड्या मांडू नका. वाळू आणि खडे, एवढ्या दोनच द्या.

उत्तर ३: साहित्याइतकीच जागाही महत्त्वाची. १९४५ मध्ये (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीत काम सुरू झाल्यावर वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ तेव्हापासून सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडला गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तुमच्याकडेही गैरहजेरी असेल तर डब्यांची टोपली उचलून सरळ वस्तीवर जा.