मोठं ताट सोबत घेऊनच दुकानात जा

१४ सेटिंगचं डिशवॉशर घेतलं की कढया-कुकर आपोआप मावतात, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. एक सेटिंग म्हणजे एका माणसाच्या जेवणाची भांडी, आणि हा हिशोब युरोपीय पद्धतीच्या प्लेटा, कप, काटे-चमचे धरून केलेला असतो. आपली उभ्या काठाची ताटं आणि खोलगट वाट्या त्यात धरलेल्याच नसतात.

त्यामुळे आकडा सोडा, खालचा रॅक नीट बघा. त्याचे भांडी उभी धरणारे दात आडवे पाडता येतात का? येत असतील तर कढई, पातेली व्यवस्थित पालथी बसतात. दात पक्के असतील तर एकटी कढईच अर्धी जागा अडवते. वरचा रॅक भरलेला असतानाही वर-खाली करता आला पाहिजे. घरातलं सगळ्यात मोठं ताट दुकानात न्याच, खालच्या रॅकमध्ये उभं करा आणि वरच्या रॅकखालचा पाण्याचा पंखा हाताने गोल फिरवून पाहा. तो ताटाला अडकला तर वरची भांडी खरकटीच निघणार.

वाट्या दातांमध्ये तिरक्या टेकवा, म्हणजे बुडावर पाणी साचत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र हातानेच घासा, मशीनच्या पावडरीने तो काळा पडतो. स्टीलचा असेल तर शिट्टी आणि रिंग काढून खुशाल घाला.