दुकानात कमरेला उघडं पिस्तूल लावलेला माणूस: तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटतं?

मृण्मयी:

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीहून डॅलसजवळ प्लानोला नुकतेच राहायला आलोय. गेल्या शनिवारी सासऱ्यांना घेऊन वाणसामान आणायला गेले होते. टोमॅटोंपाशी एक माणूस उभा, उजव्या कमरेला पिस्तूल. शर्ट आत खोचलेला, त्यामुळे सगळ्यांना दिसेल असं. तपकिरी चामड्याचं होल्स्टर, कडेची शिवण उसवत आलेली, मुठीवर लाकडी पट्ट्या. तो एकेक टोमॅटो दाबून बघत होता. सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी, तिने त्याच्या पँटचा खिसा धरलेला, बरोबर पिस्तुलाच्या खाली.

बाबांनी माझा दंड धरला. "सामान राहू दे, आधी बाहेर चल." ट्रॉली तिथेच सोडून आम्ही निघालो. बाकीची माणसं आपापली खरेदी करत होती, कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, किती वयाचा होता, कसा दिसायचा? मला सांगता येईना. शिवण आठवते, चेहरा नाही.

इथे राहणाऱ्यांना खरंच काही वाटत नाही, की सवयीने गप्प बसतात? दुकानवाल्यांना सांगायला हवं होतं का? आणि तो मुलीला घेऊन आलेला साधा बाप असेल, तर त्याला बघून पळ काढणं हा त्याच्यावर अन्याय झाला का? हे डोक्यातून जात नाहीये.

अनिरुद्ध_डॅलस:

मृण्मयी, मी २०१६ च्या आधीपासून इथे आहे. माझ्याकडे लायसन्स आहे, मी पिस्तूल बाळगतो, पण शर्टाखाली. तेव्हा बंदूक म्हटलं की नाक मुरडणाऱ्यातला मी नाही. तरीही उघड्यावर लावून फिरणं मला मुळीच पटत नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. चेहरा आठवत नाही.

असं सगळ्यांचंच होतं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लोफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८७ सालचा एक प्रयोग आहे. फास्ट फूडच्या काउंटरवर आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या स्लाइड लोकांना दाखवल्या. काहींना त्याच्या हातात चेक दिसला, काहींना पिस्तूल. नजर कुठे खिळते ते यंत्राने मोजलं, तर पिस्तुलावर ती जास्त वेळा जात होती आणि जास्त वेळ टिकत होती. पुढे त्या माणसाला ओळखायची वेळ आली तेव्हा पिस्तूल बघितलेले लोक कमी पडले. तुमच्या दुकानात पिस्तूल कोणावर रोखलेलं नव्हतं हे खरं, पण नजर तिकडेच ओढली गेली ना? लावणाऱ्याला वाटतं, लोकांना माझ्यात एक जबाबदार नागरिक दिसतो. लोकांना तो माणूस दिसतच नाही.

इथला कायदा बघा. १ जानेवारी २०१६ पासून टेक्ससमध्ये लायसन्सवाल्याला होल्स्टरमधलं पिस्तूल उघड लावायची मुभा मिळाली. १ सप्टेंबर २०२१ पासून लायसन्सची अटही गेली. रायफलला तर आधीपासूनच लायसन्स लागत नव्हतं, फक्त लोकांना घाबरवण्यासाठी ती मिरवली तर गुन्हा. थोडक्यात, पूर्वी कमरेला पिस्तूल दिसलं की याने वर्ग केलाय, नेमबाजीची परीक्षा दिलीय, याची पार्श्वभूमी तपासलेली आहे, एवढं तरी धरून चालता यायचं. आज ते पिस्तूल बघून काहीच कळत नाही. त्यामुळे तुम्ही त्या बापावर अन्याय वगैरे काही केलेला नाही. ओळखीपाळखीचा नसलेला माणूस सज्जन आहे की नाही हे दोन सेकंदात ठरवायची जबाबदारी त्याने तुमच्यावर टाकली, आणि तुम्ही वयस्कर माणसाला घेऊन बाहेर पडलात. मीही तेच केलं असतं.

पोलिसांनासुद्धा हे ठरवणं जमत नाही. ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये मोर्चावर बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांवर गोळीबार झाला, पाच पोलीस गेले. मोर्चात काही जण कायद्याने चालतं म्हणून खांद्याला रायफल लटकवून आले होते. त्यातल्या एका कृष्णवर्णीय माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जाहीर केला. त्याचा गोळीबाराशी काडीचाही संबंध नव्हता. त्याने स्वतः आपली रायफल एका पोलिसाच्या हातात दिली, चौकशी झाली, सुटला. त्या रात्री कोणी चिडून त्याला गोळी घातली असती तर? गोळीबार सुरू झाल्यावर यातला चांगला कोण आणि वाईट कोण हे कळत नाही, असं तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राऊन यांनी नंतर उघड सांगितलं.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांत कोणी बोलत नाही. टोमॅटो दाबणारा तो माणूस गोरा होता असं मी धरून चालतो. मी सावळा, दाढीवाला. त्याच दुकानात त्याच कमरेवर तेच पिस्तूल मी लावलं तर माना वर न करणारे हेच लोक फोन काढतील, याबद्दल मला शंका नाही. कायदा दोघांना एकच आहे, बघणारे डोळे एक नाहीत.

सोनोरा:

मी ॲरिझोनात आहे. इकडे उघडं पिस्तूल लावायची मुभा आधीपासूनच आहे, आणि २०१० पासून लपवून बाळगायलाही परवाना लागत नाही. आमच्या लहान गावात गुरांच्या खाद्याच्या दुकानात अर्धे लोक पिस्तूल लावूनच येतात. शेजारचे आजोबा कुंपणाकडे रॅटलस्नेक निघतात म्हणून लावतात, त्यांना बघून माझ्या मुलांना काही वाटत नाही. पण तोच माणूस फिनिक्सच्या मॉलमध्ये दिसला तर मीही मुलांचा हात धरेन. तिथे त्याला पिस्तूल कशाला लागतंय हे मला दिसत नाही ना.

केदार७७:

एवढं घाबरण्यापेक्षा तुम्ही पण एक घ्या की. टेक्ससमध्ये आहात, नवऱ्याला नेमबाजीच्या रेंजवर पाठवा.

अनिरुद्ध_डॅलस:

केदार, असे सल्ले देताना जपून. मृण्मयी, तुम्ही दोघं एच-१बी / एच-४ व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगताच येत नाहीत. वैध शिकारीचा परवाना असे मोजके अपवाद सोडले तर हातात घेणंही अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. रेंजवरचा हसरा फोटो टाकणारी आपली मुलं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

शर्वरी_जी:

मी एका किराणा साखळीच्या दुकानात ग्राहकसेवेच्या काउंटरवर आहे, तर आतली बाजू सांगते. गिऱ्हाइकं गप्प असतात, पण त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. ती आमच्याकडे येतात. आवाज खाली करून, पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत विचारतात, "तो मागे आहे, तुम्हाला माहिती आहे ना?" लहान मुलं घेऊन आलेल्या बायका जास्त. २०२३ च्या मे महिन्यात ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यानंतर तर फारच. ॲलन तुमच्या प्लानोला लागूनच आहे.

सांगायला हवं होतं का, तर हो, सांगाच. मॅनेजर त्या माणसाशी बोलू शकतो. दाराशी पाटी बघत जा: ३०.०७ (टेक्ससच्या दंडसंहितेतलं कलम) लिहिलेलं असेल तर लायसन्सवाल्याने उघडं पिस्तूल घेऊन आत येणं हा गुन्हा आहे, दंड २०० डॉलरपर्यंत, आणि तोंडी सांगूनही बाहेर गेला नाही तर बरंच जास्त. पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंच अक्षरांची. ३०.०६ ची पाटी लपवून बाळगणाऱ्या लायसन्सवाल्यांसाठी असते. आणि नुसती "कृपया आणू नका" अशी विनंती वेगळी. टेक्ससमधल्याच एल पासोच्या वॉलमार्टमध्ये झालेल्या हत्याकांडानंतर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वॉलमार्टने केली ती विनंती होती.

मृण्मयी:

सगळ्यांचे आभार. आम्ही एच-१बी वरच आहोत, त्यामुळे अनिरुद्धचा इशारा नवऱ्याला लगेच वाचून दाखवला. आता अडचण बाबांची. ते त्या दुकानात पाऊल टाकायला तयार नाहीत, आणि परतीच्या तिकिटाला अजून वेळ आहे. पोलिसांना फोन कधी करायचा, हेही ते विचारतात.

अनिरुद्ध_डॅलस:

हात बघायला सांगा त्यांना. पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि हात टोमॅटोवर असतील तर तिथून लांब व्हायचं आणि काउंटरवर सांगायचं. हात मुठीवर गेला, पिस्तूल बाहेर आलं किंवा रायफल खांद्यावरून हातात आली, तर आधी बाहेर पडायचं आणि मग ९११. फोनवर कपडे, कुठल्या दाराशी आहे आणि हात काय करतायत एवढंच सांगायचं.

आणि दुकान बदला. ३०.०७ ची पाटी असलेलं एखादं शोधा आणि आत शिरायच्या आधी बाबांना ती स्वतः वाचायला लावा.