जुनी मोटरबोट स्वस्तात घेऊन दुरुस्त केलीये का? अनुभव सांगा

गेल्या वर्षी अलिबागजवळ खाडीच्या कडेला झावळ्यांखाली पडलेली १८ फुटी फायबरची बोट ६५ हजाराला घेतली, सोबत ४० हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन. मी सगळं लक्ष इंजिनाकडे दिलं, पिंपात बुडवून दोरी ओढली तर दुसऱ्या झटक्यात सुरू झालं आणि मी लगेच पैसे मोजले, तिथेच चुकलं. घरी आणून ट्रान्सम, म्हणजे मागची ज्या पाटीवर इंजिन लटकतं ती, हातोडीच्या दांड्याने ठोकली तर कडेला टणटण आणि मधोमध नुसतं भदभद. ६ एमएमचं ड्रिल मारलं तर बिटाला काळा ओला लगदा चिकटून आला, कुजलेल्या पाचोळ्यासारखा वास. वरून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर, चकाचक आणि आतलं प्लाय संपलेलं! आतून कापून सगळं खरवडून काढलं, तीन आठवडे वाळू दिलं कारण ओल्यावर रेझिन धरत नाही, मग आयएस ७१० दर्जाच्या, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे दोन थर बसवून वर फायबरची मॅट. बोटीपेक्षा या कामाला जास्त पैसे गेले, पण आता ती पाण्यात आहे आणि मी खूश आहे. इंजिन उद्या दुसरं लावता येतं, पाटी कुजली की सगळंच अडतं. ज्यांनी ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

*

दादा, ठोकून बघायचं सांगितलंत ते एकदम बरोबर. आम्ही मालवणचे, माझा अनुभव लाकडी बोटीचा. काकांची बोट पाच वर्षं उन्हात पडून होती, मी घेतली. फळ्या आकसून फटी पडलेल्या, पण खरा घात खिळ्यांचा, गंजलेल्या लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, तिथे चाकू टोचून बघायचा, सहज आत गेला तर ती फळी बदला. फटींत कापूस ठोकून घेतला तरी पहिल्या दिवशी पाणी आलंच, मी घाबरलो, काका म्हणाले घाबरू नको रे, दोन-तीन दिवस पाण्यात राहू दे, लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. तसंच झालं. आणि बघायला जायचं तर १ जून ते ३१ जुलैमध्ये जा, मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तळ नीट बघायला मिळतो.

*

मी मिशिगनला असतो. इथे वेगळंच दुखणं, थंडी. आत बसवलेलं इंजिन असेल तर हिवाळ्याआधी ब्लॉकमधलं पाणी काढावंच लागतं, नाहीतर बर्फ होऊन लोखंड तडकतं. मी घेतलेल्या बोटीच्या मालकाने एक वर्ष ते केलं नव्हतं आणि मला सांगितलंही नाही, याचा राग अजून आहे. डिपस्टिक काढली तर ऑइल चहासारखं दुधाळ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं, तेव्हाच निघून यायला हवं होतं. अजून एक, पेट्रोलचं इंजिन आत असेल तर सुरू करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवा, साठलेल्या पेट्रोलच्या वाफेने खरंच स्फोट होतात.

*

कागद, कागद, कागद! इंजिनाचा नंबर आणि नोंदणीतला नंबर जुळवूनच पैसे द्या. माझे आठ महिने यातच गेले.

*

बराच काळ पडून असलेलं आउटबोर्ड घेतलंत तर पाण्याच्या पंपाचं इंपेलर, म्हणजे आतलं पात्यांचं रबरी चाक, न बघताच बदला. रबर कडक होतं, पाती तुटतात, इंजिनाला थंड करणारं पाणी चढत नाही. बाजूच्या भोकातून पाण्याची धार येते ना, ती बारीक झाली की समजायचं. माझी धार खाडीच्या मधोमध थांबली, लगेच बंद केलं म्हणून पिस्टन वाचला, वल्हं मारत परत आलो. आता मुलीला तेवढंच काम दिलंय, मागे बसून धारेवर नजर ठेवायची, आणि ती ते अगदी मन लावून करते.