झोक्याचं गणित: लूप हातानं लिहावं की तयार फंक्शन वापरावं?

निंबाखाली
यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बी.एस्सी.ची पाच पोरं रविवारी माझ्या ओसरीवर अभ्यासाला बसतात. या रविवारी त्यांना अंगणातल्या झोक्याचं गणित दिलं. दोर २.४५ मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरण भागिले लांबी बरोबर ४. कोनाचा दुसरा अवकलज (म्हणजे कोनाचं त्वरण) = उणे ४ गुणिले साइन कोन. पायरी-पायरीनं जायचं म्हणून एका समीकरणाची दोन केली: कोन बदलतो वेगानं, वेग बदलतो त्वरणानं. मग मोबाइलवरच्या पायथन या संगणकभाषेत चार ओळींचं लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा कोड. पायरी ०.०१ सेकंद. गणिती ऑयलरची अठराव्या शतकातली रीत: जुन्या वेगानं कोन आणि जुन्या त्वरणानं वेग पुढं सरकवायचा.

५ अंशांवर सोडलेला झोका मिनिटभरात साडेसोळा अंशांवर गेला! अंगणातला खरा झोका तोवर थांबत आला होता. एक पोरगी उठून दोर धरून बघून आली आणि म्हणाली, मग आपल्या लूपात ही ऊर्जा आली कुठून?

तो प्रश्न तिला पडला, कारण लूप तिनं लिहिलं होतं. पहिल्या दिवशी तयार फंक्शन, म्हणजे समीकरण दिलं की उत्तर काढून देणारा आयता कोड, देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

संत्राबाग
ताई, पटत नाही. समीकरण मांडणं हेच खरं भौतिकशास्त्र. पुढची बेरीज-वजाबाकी पायथनच्या सायपाय या गणिती संचातल्या सॉल्व्ह-आयव्हीपी या तयार फंक्शनला करू द्या. त्यामागची रीत रुंगे १८९५ मध्ये, कुट्टा १९०१ मध्ये हे गणिती घालून गेले. ते फंक्शन पायरीसुद्धा स्वतः लहान-मोठी करतं. पोरांना वेळ किती, लाईट किती? पाणी प्यायला प्रत्येकानं विहीर खणायची का?

पऱ्हाटीवाला
ताई, झोका फुगला तो रीतीचा दोष हाय, पन औषध घरातच हाय. आधी वेग नवा करा, मंग त्याच नव्या वेगानं कोन सरकवा. दोन ओळीची अदलाबदल, बस. म्या काल रात्री लाईन आल्यावर चालवून पाह्यलं. तासभराच्या हिशेबातही झोका पाच अंशाच्या आसपासच. ऊर्जा जराशी खालवर होते, पन वाढत जात नाही. तुमच्या रीतीत दर पायरीले ऊर्जा १.०००४ पट होते. मिनिटात ६००० पायऱ्या, म्हंजे ११ पट. कोन ऊर्जेच्या वर्गमुळानं वाढतो, म्हून ३.३ पट. तयार फंक्शनात हे कोणाले दिसलं असतं?

संत्राबाग
अदलाबदल झकास, मान्य. पण ती झोक्याला लागू, कारण तिथं ऊर्जा टिकायला हवी. ज्वारीतली पाखरं हाकलायला गोफणीतून सुटलेला दगड घ्या. हवेचा रोध वेगाच्या वर्गानुसार, ऊर्जा घटतेच. सेकंदाला ३० मीटर वेगाचा दगड एका पायरीत ३० सेंटीमीटर जातो. तुमचं लूप थांबेपर्यंत तो जमिनीखाली गेलेला असतो. तयार फंक्शन जमीन लागली तो क्षण शोधून देतं.

निंबाखाली
जमिनीचा मुद्दा खरा आहे, तो मी पोरांसमोर मांडेन. पण त्या फंक्शनची सापेक्ष चूकमर्यादा, म्हणजे किमतीच्या मानानं किती चूक चालेल ती, आपण न सांगितल्यास ०.००१ असते. ती न बदलता झोका तासभर चालवा आणि ऊर्जा छापून बघा, तीही जागची हललेली दिसेल. ती छापायची असते हे पोरांना सुचणार कसं? लूपच्या चार ओळी लिहिल्यावरच आमच्या पोरीला ते सुचलं.

येत्या रविवारी गोफण घेतो. आधी लूप, मग तुमचं फंक्शन, आणि वावरात मेजटेप. संत्राबाग, जमलं तर या. दगड कुठं पडतो ते तुमच्याच हातानं मोजू.