प्रतिसाद: ॲलेक्स झिडियस आणि त्यांचा कॅमेरा

अमेरिकेतले हॉट रॉड (जुन्या गाड्यांत फेरफार करून बनवलेल्या वेगवान गाड्या) बनवणारे ॲलेक्स झिडियस यांच्यावरच्या या चर्चेत, झिडियस म्हणजे ती बेली टँक गाडी (विमानाच्या इंधनटाकीपासून बनवलेली शर्यतीची गाडी), असं वर बहुतेकांनी लिहिलंय. गाडी देखणी होती यात वादच नाही. पण पी-३८ विमानाच्या इंधनटाकीत माणूस आणि इंजिन बसवण्याची मूळ कल्पना बिल बर्क यांची. त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. झिडियस यांनी ती कल्पना फार सुंदर तडीस नेली, आणि त्याआधी 1950 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांच्या सो-कॅल स्पीड शॉप या दुकानाची दुसरी गाडी, म्हणजे हवा सहज कापणाऱ्या निमुळत्या आकाराची स्ट्रीमलाइनर, ताशी 200 मैलांपुढे गेली. तीही फोर्डच्या साध्या, जुन्या धाटणीच्या फ्लॅटहेड व्ही-8 घराण्यातल्या इंजिनावर!

मला मात्र त्यांच्या कॅमेऱ्याबद्दल लिहायचंय, कारण तो इथे कुणाच्याच आठवणीत आला नाही. 1946 मध्ये सैन्यातून सुटल्या सुटल्या दुकान थाटणारा हा माणूस पन्नासच्या दशकात शर्यतींचं चित्रीकरण करत हिंडला. तेव्हा हॉट रॉडवाल्यांकडे वर्तमानपत्रं उनाड पोरं म्हणून बघत. मिठाच्या मैदानावर घाम गाळणारी ती पोरं आज आपल्याला हलताना दिसतात, त्यात झिडियस यांचा मोठा वाटा आहे. 2024 मध्ये ते गेले, 102 वर्षांचे होऊन. माझ्या लेखी त्यांचं हे काम त्या विक्रमांहून तसूभरही कमी नाही.