शिवणयंत्राची सुई बोटात घुसल्यास काय करावे?

प्रश्न: काल जाड कापडाची दुमड शिवताना ती सरकू नये म्हणून मी तर्जनी सुईच्या अगदी जवळ नेली आणि सुई नखातून आरपार गेली. घाबरून हात ओढला, तेव्हा ती मोडली. रक्त थांबले आहे, मात्र बोट ठणकत आहे. मलम लावून भागेल का?

उत्तर १: भागणार नाही. मोडलेल्या सुईचे तुकडे जुळवून पाहा. टोक सापडत नसेल तर ते बोटातच असू शकते, आणि जखम वरून मिटलेली दिसली तरी आतला तुकडा शोधण्यासाठी एक्स-रे काढावा लागतो. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, हेही डॉक्टरांना सांगा.

उत्तर २: सहमत. असा प्रसंग पुन्हा आलाच (न येवो), तर हात ओढू नये. पाय पायडलवरून काढून, वीज बंद करून, चाक हाताने सावकाश फिरवत सुई वर घ्यावी.

उत्तर ३: जाड कापडाला १६ क्रमांकाची सुई लावावी, कारण बारीक सुई वाकून मोडते. दुमड मी बोटाऐवजी लाकडी काडीने दाबते. नखावरचा जुना काळा ठिपका अजून आठवतो.

प्रश्नकर्ती: तुकडे जुळवले, टोक नाही. दवाखान्यात निघाले आहे.