पुरानंतरचं पाणी आणि संडास : तुमचे अनुभव लिहा

माटोळी
काल रात्रभर वाळपईत धो धो पाऊस. पहाटे कमोडमधून बुडबुड आवाज आला आणि मी ताडकन उठून बसले. २३ जुलै २०२१ ला म्हादई नदी घरात शिरायच्या आधी हाच आवाज आला होता.
आम्हाला शाळेत नेलं. तांदूळ, चादरी, बिस्किटं दुपारपर्यंत आली, गावची पोरं जिवाच्या आकांताने धावली. पण साठेक माणसांत दोन संडास, आणि त्यांची टाकी पुराच्या पाण्याने तुडुंब. सासूबाई दिवसभर पाण्याला तोंड लावेनात. विचारलं तर म्हणाल्या, "प्याले तर जायचं खंय गो?" रात्री मी आणि जाऊ शाळेमागे चादर धरून उभ्या राहिलो, भर पावसात. त्या बसल्या आणि रडायलाच लागल्या. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही कसं काढलंत?

गालजीबाग
२ ऑक्टोबर २००९, काणकोण. पाणी आलं तसं ओसरलं, पण विहिरीत चिखल आणि वर मेलेलं वासरू. तीनदा उपसली. शेजारच्या काकांनी घाबरून ब्लीचिंगची अख्खी पिशवी ओतली. चहालाही वास, पोरं पाणी थुंकून टाकायची आणि गुपचूप ओढ्याचं प्यायची.

नर्सताई
@गालजीबाग असंच होतं, आणि मग जुलाब. ब्लीचिंग हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरतं. तीन मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडून पोहरा वरखाली करायचा. तासभर थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी उपसा, नाहीतर क्लोरीन चिखलातच संपतं.
माटोळी, वाचून पोटात कालवलं. स्फिअरचे, म्हणजे आपत्तीतल्या मदतकार्यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत: निवाऱ्यात माणशी रोज १५ लिटर पाणी, सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास, पुढे २० मागे एक, बायकांना पुरुषांच्या तिप्पट. तुमचे दोन कागदावर बसतात. टाकी भरली की ते शून्यच, हे मोजणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

डिचोलीचा
२०२१ लाच चिपळूणला गेलो होतो, पूर ओसरल्यावर. टेम्पोभर बाटल्या नेल्या. एक मावशी म्हणाल्या, "बाटल्या ठेव बाळा, पण झाकणाची बादली आणलीस का? टँकरचं पाणी भरू कशात?" घरातली सगळी भांडी चिखलाखाली. परतीच्या वाटेवर तेच डोक्यात. पुढच्या खेपेला बादल्या, खराटे, फिनेल नेलं.

कळंगुटची सून
आणि पॅड! कुणी मागत नाही म्हणून कुणी आणत नाही. आमच्या निवाऱ्यात एक मुलगी दोन दिवस एकाच जागी बसून होती.

फोंडेकर
पूर नव्हे, पण ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटली तेव्हा फोंडा-तिसवाडीत कितीतरी दिवस नळ कोरडे. चवथ तोंडावर आणि घरात घागरभर पाणी नाही. आईने मागची जुनी विहीर उघडली, तेव्हापासून बुजवायचं नाव कुणी काढत नाही.

डिचोलीचा
@फोंडेकर ती ठेवाच. जाळी घातलीत ना वर?

फोंडेकर
घातली. पानं पडतात तरी.

नर्सताई
माटोळी, सासूबाई कशा आहेत आता?

माटोळी
बऱ्या आहेत. गेल्या वर्षी संडास जोत्यावर उचलून घेतला, तीन पायऱ्या केल्या. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात, पण पाऊस लागला की आधी तिथला दिवा लावून येतात. आता जाते, भात उतू जातोय.

गालजीबाग
नर्सताई, छतावरच्या टाकीत क्लोरीनच्या गोळ्या चालतात का?

नर्सताई
चालतात, पाकिटावर किती लिटरची ते बघा. आधी टाकी घासून घ्या.